फुलराईची वाटी

आता कबूल करायला लाज वाटत नाही. त्या काळात देव तर सोडाच, माझा माणसांवरही विश्वास नव्हता. इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. अमरावतीच्या कॅम्पात एका साहेबाच्या जुन्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षांच्या शकूला घेऊन राहत होतो. बायको आदल्या वर्षी गेली होती. फाल्गुनात शकूला मुदतीचा ताप आला. तो एकदाचा उतरला, पण पोरगी घास तोंडात घेईना. डॉक्टर म्हणाले, "पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या हातात काही नाही."

मी शाळेत गेलो की बाग पाहणारी सखूबाई तिच्याजवळ बसे. बागेत मोगऱ्यापाशी ओंजळीत फुलं घेतलेली एक दगडी बाई उभी होती. साहेबाच्या मडमेनं पूर्वी कधी तिचं नाव फ्लोरा सांगितलं होतं, सखूबाईनं ऐकलं फुलराई. चैत्र लागला की ती तिला रोज हळदकुंकू वाही. मी पडलो इतिहासाचा मास्तर, गप्प कसा बसणार? म्हटलं, "सखूबाई, ही रोमन लोकांची. वसंतात ते हिचा उत्सव करत, फुलं उधळत."

"मंग फुलाइचीच देवी झाली ना, मास्तर?"

तिची ही भक्ती मला खरी वाटेना. त्यातच शकूची चांदीची वाटी रोज जागा बदलू लागली. एकदा तिच्या काठाला कुंकू दिसलं. वाटी आज ना उद्या जाणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. बाईला रंगेहाथ पकडायचं म्हणून एक दिवस शाळेतून लवकर निघालो.

शकू फुलराईच्या पायाशी बसली होती, मांडीवर वाटी. मऊ भाताचं शीत तिनं त्या दगडी ओठांना लावलं. सखूबाई म्हणाली, "आता तुवा घास. तू नाई खाल्ला त ते बी उपाशी राह्यते." शकूनं मुकाट्यानं घास गिळला.

"मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"सांगतलं असतं त तुमी बसू देलं असतं काय इथं?"

शकूनं घास माझ्यापुढे धरला. "बाबा, तुम्हीपण खा. नाहीतर ती उपाशी राहील."

बायको गेल्यापासून मीही धड जेवलो नव्हतो, हे तेव्हा ध्यानात आलं. मी तोंड उघडलं, आणि मला रडू आवरेना.

देवी रोमची की वऱ्हाडची, हा वाद मी पुन्हा घातला नाही. त्या दुपारी आणखी काही न विचारता घास घेतला, एवढंच मला जमलं. तेवढ्यासाठी मी शकूचा आणि सखूबाईचा आजही ऋणी आहे.