खरखर राहू द्या

"काका, खरखर तेवढी राहू द्या हं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि मला वाटलं हा माझी चेष्टा करतोय.

ग्वाल्हेरला सराफ्याच्या मागच्या गल्लीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. चाळीस वर्षं लोक माझ्याकडे एकच तक्रार घेऊन आले: खरखर येते. माझी सगळी विद्या ती घालवण्याची. आणि हा तेवीस वर्षांचा मुलगा, दोघांनी धरून उचलावा लागेल असला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर एकट्याने टेम्पोतून उतरवून, माझ्या टेबलावर ठेवून सांगत होता की मशीन सुरू करा, पण आवाज साफ करू नका.

"मग दुरुस्त काय करू?" मी विचारलं.

"बस, चालू करा. आवाज फाटला पाहिजे, काका. साफ आवाज तो मोबाइल में भी आता है."

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वर्तमानपत्रात ते एकदाच छापून आलं, आणि तेही चुकीचं. पण तुम्ही इथल्या लष्कर भागात राहत असाल तर तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. महाराज बाड्याच्या चौकात एका चष्म्याच्या दुकानात तो आतल्या बाजूला बसून काचा घासायचा. मान खाली, आणि टेबलाखाली उजव्या पायाचा ठेका सतत चालू. तुमच्या नाकावरची काच कदाचित त्याच्याच हातची असेल. आपण काच बघतो, घासणाऱ्याकडे कोण बघतं? मीही कधी बघितलं नव्हतं.

तो अॅम्प्लिफायर त्याला एका बंद पडलेल्या बँड पार्टीच्या सामानात मिळाला होता. तिथूनच एक तांबडी इलेक्ट्रिक गिटारही आणली होती, कलकत्त्याची, माझ्या लग्नाच्या आसपासची. तिचा रंग उडाला होता आणि मानेला बाक आला होता. मी म्हटलं, याहून चांगली गिटार नवी मिळेल. तो दुखावलाच. "नई वाली सब एक जैसी बोलतात, काका. ही बघा कशी ओरडते."

ओरडायची खरी. आमच्या शेजारच्या सोनाराने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो वजनकाटा सोडून बाहेर आला आणि कोणाची बकरी अडकली का म्हणून विचारू लागला.

दुपारच्या सुट्टीत तो रोज यायचा. डबा माझ्याच टेबलावर उघडायचा आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने मला मोबाइलवर गाणी ऐकवायचा. साठच्या दशकातली, अमेरिकेतली. त्या प्रकाराला गॅरेज रॉक म्हणतात, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. कुठल्या कुठल्या आडगावची शाळकरी पोरं बापाच्या मोटारीच्या गॅरेजात वाजवायची, एखादी तबकडी काढायची आणि मग गायब व्हायची.

"गायब म्हणजे?"

"म्हणजे काय, पापा की दुकान पे बैठ गये. कोणी इन्शुरन्स विकला. पण ती दोन मिनिटं राहिली ना, काका. त्या दोन मिनिटांत त्यांना काहीच येत नाहीये, आणि तरी ते सगळं देऊन टाकताहेत."

मला आधी त्यात नुसता गोंगाट ऐकू यायचा. मग हळूहळू मी माझ्या सवयीने ऐकायला लागलो. इथे व्हॉल्व्ह थकलाय, इथे स्पीकरचा कागद फाटलाय, इथे माइक फार जवळ आहे. मी असं काही बोललो की तो डबा बाजूला ठेवून मोबाइलवर लिहायला लागायचा. या गाण्यांचं वेड असलेल्या लोकांचा तिथे एक ग्रुप होता. कोणी शिलाँगचा, कोणी कोचीचा, कोणी भिलाईचा. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं एका गिटारचा आवाज कशाने फाटला यावर चार-चार दिवस भांडायची. माझं मत तिथे 'ग्वाल्हेरचे काका म्हणतात' म्हणून जायचं. एकदा शिलाँगवाल्याने मला चूक ठरवलं तेव्हा माझ्यापेक्षा यालाच जास्त राग आला.

माझ्या एका खणात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमधून काढलेले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर पडून होते. आता ते कोणी वापरत नाही. उन्हाळ्यात तापले की बिघडतात. ते बघून त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. त्यातले दोन घेऊन, सुपारीच्या पत्र्याच्या डब्यात, मी त्याला आवाज फाडणारं एक यंत्र करून दिलं. मे महिन्यात ते वाजेनासं व्हायचं. मग हा त्याला ओल्या रुमालात गुंडाळून आणायचा, ताप आलेल्या लेकरासारखं.

गॅरेज रॉकला गॅरेज हवं, यावर तो अडून बसला. लष्करातल्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, तिथे गॅरेज कुठलं? चार महिने शोधून शेवटी कंपू मोहल्ल्यात एक मिळालं. आमच्या ओळखीच्या एक वहिनी, डॉक्टर नवरा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या. मोटार विकलेली, गॅरेज रिकामं. त्यांची अट एवढीच की शटर खाली असलं पाहिजे आणि सातला बंद. तो, ड्रम वाजवणारा एक मित्र आणि बेस वाजवणारा दुसरा, असे तिघे तिथे जमायचे.

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही पाच श्रोते होतो. मी, वहिनी, दोन त्याच्या दुकानातले, आणि एक गृहस्थ जे आवाज बंद करायला सांगायला आले आणि थांबले. तो वाजवताना भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. गाण्याची वेळ आली की वळायचा, डोळे मिटून माइकमध्ये ओरडायचा, आणि पुन्हा भिंतीकडे. नंतर मला विचारलं, "कसं झालं?"

"लय धावते तुझी."

"हो ना? धावतेच," तो खूश होऊन म्हणाला.

त्याचे वडील कोर्टात पेशकार होते, साहेबांच्या खाली बसून तारखा देणारे. सज्जन माणूस. घरी दर गुरुवारी भजन व्हायचं आणि पेटी ते स्वतः वाजवायचे. मुलाने गिटार घरी आणली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "लाकूड कापायची ही आरा मशीन घरात नको." भांडण झालं नाही. गिटार माझ्या दुकानात राहू लागली आणि त्या विषयावर बोलणं बंद झालं. तो ते हसत सांगायचा. मीही हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं, वडिलांकडे जाऊन एकदा बोलायला हवं होतं. त्यांचं घर गॅरेजपासून दहा मिनिटांवर होतं.

आता पुढचं सांगतो.

तो अॅम्प्लिफायर मी उघडला तेव्हा आतलं बरंच काही बदललं. फक्त ट्रान्सफॉर्मर बदलला नाही. तो जुना होता, आतलं वेष्टण सुकलेलं होतं, आणि कधी ना कधी त्यातली वीज मशीनच्या लोखंडी अंगावर उतरू शकते हे मला माहीत होतं. पण हा हात जोडून उभा. "तो बदलला तर आवाज बदलेल, काका. प्लीज." म्हणून मी दुसरी तजवीज केली. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावली. अर्थिंग नीट असलं की वीज मशीनच्या अंगावर उतरली तरी फ्यूज उडतो, माणूस वाचतो. मी त्याला टेस्टर दिला आणि बजावलं, "ज्या बोर्डाला अर्थिंग नाही, तिथे वाजवायचं नाही. कोणीही बोलावू दे."

त्याने ते पाळलं. दोनदा तो कार्यक्रम सोडून परत आलेला आहे. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं.

गेल्या फेब्रुवारीत एका कॉलेजच्या वार्षिक समारंभात त्यांना बोलावलं. पहिल्यांदाच मोठं स्टेज. संध्याकाळी सहाला. मला सर्दी होती म्हणून मी गेलो नाही. त्याने फोन केला, "काका, बोर्ड चेक केला. अर्थिंग आहे. टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, लय सांभाळ.

दुसऱ्याच गाण्याला, एका हातात गिटारच्या तारा असताना त्याने दुसऱ्या हाताने माइकचा लोखंडी दांडा धरला. ड्रमवाल्या मित्राने मला सांगितलं की तो दांड्याला चिकटून ताठ झाला, आणि आधी लोकांना तो अभिनयच वाटला. पोरं टाळ्या वाजवत होती. मेन स्विच कुठे आहे हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

वर्तमानपत्रात आलं: 'जुनाट जुगाडू मशीनने घेतला तरुणाचा बळी.' ती मशीन मी दुरुस्त केली होती. हे वाक्य मला टाळायचं नाही.

दीड महिन्याने पोलिसांनी ती सोडली. घरी कोणाला नको होती, म्हणून मित्रांनी माझ्याकडे आणली. ट्रान्सफॉर्मर गेलेला होता, मला भीती होती तसाच. मग मी वायरच्या टोकाची पिन, म्हणजे प्लग, उघडली. अर्थिंगची हिरवी तार कापलेली होती, आणि कापलेल्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, अगदी सफाईने. ती पिन मी माझ्या हाताने जोडली होती. मी तार कापली नव्हती, आणि त्याने तर कापलीच नसती.

त्या कार्यक्रमाचा साउंडवाला माझ्या ओळखीचा निघाला. माझ्याकडून सामान न्यायचा. मी पिन त्याच्यापुढे ठेवली. तो खोटं बोलला नाही.

"अंकल, हमारे स्पीकर में गूँज आ रही थी. अर्थ काट दो तो चली जाती है. सब ऐसे ही करते हैं."

"त्याला विचारलंस?"

"वो तो स्टेज के पीछे कपड़े बदल रहा था."

त्याचा स्वर उद्धट नव्हता. मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. पण सगळे असंच करतात हे खरं होतं, आणि ज्या ट्रान्सफॉर्मरने वीज उतरवली तो मी राहू दिला होता, हेही खरं होतं. मी पिन उचलून परत आलो.

कॉलेजात गेलो तर तिथल्या प्राचार्यसाहेबांनी पिनेकडे बघितलंसुद्धा नाही. "मशीन पुरानी थी न?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बस, वही तो," ते म्हणाले आणि मला चहा मागवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याची श्रद्धांजली सभा ठेवली होती, तिचं आमंत्रण दिलं. मी गेलो. सभागृह भरलं होतं. ज्याच्या गाण्याला पाच माणसं जमायची त्याच्यासाठी चारशे खुर्च्या. व्यासपीठावर हार घातलेला फोटो, फोटोत त्याच्या हातात कोणाची तरी गुळगुळीत पिवळी गिटार, खाली 'संगीतसाधक'. एका मुलीने सिनेमातलं एक हळुवार गाणं म्हटलं. आवाज अतिशय साफ येत होता. मी मध्येच उठलो.

पिन घेऊन मी त्याच्या वडिलांकडे गेलो. म्हटलं, तक्रार करा, मी साक्ष देतो, माझीही चूक सांगतो. त्यांनी पिन हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"तीस वर्षं मी लोकांना तारखा वाटल्या," ते म्हणाले. "आता मी स्वतः तारखा घेत बसू?"

"पण माणूस गेलाय."

"माझाच गेलाय, काका." ते माझ्यापेक्षा फार लहान नव्हते, पण मुलगा मला काका म्हणायचा म्हणून तेही तसंच म्हणाले. पिन त्यांनी परत माझ्या हातात दिली.

ड्रमवाला नोकरीसाठी इंदूरला गेला. बेसवाला लग्न करून इथेच आहे. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो आणि घाईत असतो. वहिनींनी गॅरेज एका औषधवाल्याला गोदामासाठी दिलं. शिलाँगच्या त्या माणसाचा एकदा फोन आला. फोनवर तो रडत होता, मला त्याचं हिंदी नीट कळत नव्हतं आणि त्याला माझं. 

दिवाळीच्या सुट्टीत, कोर्ट बंद असताना, एका दुपारी वडील दुकानात आले. आत येऊन स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. ते गल्लीतून जाणाऱ्या लोकांकडे बघत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "खरं सांगा. चांगला वाजवायचा का तो?"

मला 'हो' म्हणणं सोपं होतं. सभेत सगळ्यांनी तेच म्हटलं होतं.

"अजून नाही," मी म्हटलं. "हात कच्चा होता. लय धावायची. एक सूर सापडला की सोडायचा नाही, दुसऱ्यांना जागा द्यायचा नाही. अजून पाच-सहा वर्षं लागली असती."

"आणि मग?"

"मग फार चांगला झाला असता."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं, मी त्यांना दुखावलं.

"सगळे म्हणतात, मोठा कलाकार होता," ते म्हणाले. "कोणी असं सांगितलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुम्ही खरंच ऐकायचात त्याला."

 मग त्याचं ऐकून तो ट्रान्सफॉर्मर का राहू दिलात, हे त्यांनी पुढे विचारायला हवं होतं; ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही, आणि ते त्यांनी विचारलं नाही. ते उठले, चपला घातल्या आणि बाड्याच्या दिशेने गेले. चहा आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. पोऱ्याला मी दोन्ही कप परत न्यायला सांगितले.