साटम डॉक्टरांनी केस मागे घेतली नाय

साटम डॉक्टर पेशंटला आधी जिना चढायला लावायचे, नि स्वतः बाजूनं चढायचे. सोन्याची चेनवाला शेठ असू दे नाय तर परळच्या फुटपाथवरची म्हातारी, कुणाला सूट नाय. किती धाप लागते त्यावरनं त्यांना कळायचं, छाती कापली तर माणूस टिकेल का. मी चढले तेव्हा माझी पोरगी त्यांनीच कडेवर घेतलेली. दोन जिने झाल्यावर म्हणाले, "पुरे. तू टिकशील गो."

मला फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात बिडी ओढली नाय, तरी.

ऑपरेशनची तारीख मिळाली नि दीर आडवा आला. "चाकू लागला की आत हवा शिरते, मग कॅन्सर पसरतो. मामा तसाच गेला." नवरा जहाजावर. दिरानं बाहेरनं कडी घातली, मी आत रडत बसले, तारीख गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः कॉटन ग्रीनला आमच्या चाळीत. कडी काढली नि म्हणाले, "मलबार हिलची बाई आली नसती तर दहा फोन गेले असते. तुला कोण करणार? म्हणून मीच आलो."

दीर धावला. "हिला चिरायला नेतोस? हवा लागून मरेल ती!"

"अरे, फुप्फुसात हवाच असते! हवेनं पसरत असता तर तू नि मी कधीच मेलो असतो."

शेजारी हसले. तिथंच बिघडलं. दिरानं कानाखाली वाजवली, मग बुक्क्यांवर बुक्के. डॉक्टरांनी दोन्ही हात काखेत दाबले नि तोंड पुढं केलं. "तोंडावर मार रे. हात नको, हिचं ऑपरेशन करायचंय." दात तुटून उंबऱ्यावर पडला. पोरगी किंचाळतेय. दिरानं स्टूल उचललं तशी मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईस्तोवर. नि पोरीला घेऊन डॉक्टरांबरोबर निघाले.

स्वतःच्या डोळ्याची सूज उतरली तसं डॉक्टरांनीच माझं ऑपरेशन केलं. मग पोलिसात तक्रार दिली. सासू पाया पडली, "गरीब आहोत, माफ करा."

"गरीब म्हणून हिचं ऑपरेशन अर्धं केलं काय? मग केस कशाला अर्धी करू? सगळ्यांना सारखंच."

केस उभी राहायच्या आधी डॉक्टर हार्ट अटॅकनं गेले. सासू म्हणाली, "आता कोण विचारतंय? गप बस. घरचा माणूस आहे."

कोर्टात वकिलानं मला विचारलं, डॉक्टरला मारहाण कुणी केली? दीर माझ्याकडेच बघत होता. मी बोट उचललं नि त्याच्याकडे धरलं.