डालड्यातली नानकटाई

पलूसच्या भट्टीवाल्याने माझ्या आईला फसवलं, आणि त्यात मी सामील होतो.

काल मिरजेत एका बेकरीसमोर गरम डालड्याचा वास आला आणि ती दिवाळी आठवली. तेव्हा घरचा मैदा, साखर, तूप भट्टीवर नेऊन नानकटाई भाजून घ्यायची पद्धत होती. थोरला भाऊ पलटणीत परत निघाला होता. त्याच्यासाठी आईने महिनाभर साय साठवून तूप कढवलं होतं. मी मजुरीवरून घासाघीस केली, तसा भट्टीवाला वैतागला. "मग तूप मला ठेव गड्या, डालड्यात फुकट करून देतो." मी हो म्हणालो आणि सौदा जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

आईने एक तुकडा तोंडात टाकला. "तूप कुटं गेलं रं?"

"भट्टीत आटलं असंल, आये."

तिने उरलेली नानकटाई डब्यात भरली. भाऊ तोच डबा घेऊन गेला.

पुढच्या दिवाळीला मी तुपाचा डबा उचलायला गेलो, तर तिने हात धरला. "नगं. तू सौदा करशील." दुखऱ्या गुडघ्यांनी ती स्वतः भट्टीवर गेली.

आता आई नाही. तूप तू खाल्लंस, भट्टीवाल्या, आणि तिचा विश्वास मी घालवला. माझ्यासारख्या हट्टी माणसाला तू त्या दिवशी सरळ 'मजुरी कमी होणार नाही' असं का म्हणाला नाहीस? सांग.