रशीद सरांची जुळलेली वक्ररेषा

फळ्यावरच्या समीकरणातलं एखादं पद अनंताकडे धावायला लागलं की रशीद सर खडू थांबवून त्यालाच विचारायचे, "काऊन बे, कुठी चालला?" वर्ग हसायचा. सर मात्र हसायचे नाहीत. खरोखरच उत्तर येईल अशा चेहऱ्यानं ते फळ्यासमोर उभे राहायचे.

चंद्रपूरच्या कॉलेजात ते आम्हाला एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. वेल्डिंगच्या टोकाशी पेटतो तो वायू म्हणजे प्लाझ्मा, हे सांगताना सर म्हणायचे, "अब्बानं काळ्या काचेतून दाखवला होता मले तो जाळ. अजून तोच पाहून राह्यलो."

अणू प्रकाश देतो तेव्हा वर्णपटात त्याची एक बारीक रेषा उमटते. पण प्लाझ्मा दाट असला की भोवतालचे इलेक्ट्रॉन आणि आयन अणूला छळतात. रेषा रुंद होते आणि जागेवरून सरकतेही. किती सरकेल, हे नुसत्या गणितानं आधीच सांगायचं, हा सरांचा ध्यास. "एकटा अणू बारीक रेघ देते. बाजाराच्या गर्दीत घुसला का रेघ फुगते आन सरकते बी. कोणं किती धक्का देल्ला, तेवढंच काढाचं आपल्याले."

मी त्यांच्याकडे प्रकल्प घेतला तो काही ध्यासापोटी नाही. आमचं गाव कुरखेड्याकडे. बाबा तलावात मासे धरायचे. सरांच्या या गणिताला प्रयोगशाळा लागत नव्हती, सुट्टीत घरी बसून करता येणार होतं, एवढंच.

त्याच वर्षी सरांचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकानं स्वीकारला. आठ वर्षांचं काम होतं ते. आलेखावर प्रयोगातल्या मोजमापांचे ठिपके होते आणि सरांच्या गणितातून आलेली वक्ररेषा त्यांच्यामधून अशी गेली होती की पाहत राहावं. त्या लेखावर त्यांची बढतीही अडलेली होती. छपाईआधीची प्रत माझ्या हातात देत ते म्हणाले, "वर्षा, स्वल्पविराम तेवढे पाहून घे. माह्यी नजर थकली आता."

स्वल्पविराम पाहता पाहता मी समीकरणं पाहू लागले. इलेक्ट्रॉनांचा परिणाम सरांनी एकदा सरासरी क्षेत्रात धरला होता, आणि टकरींच्या पदात त्यातलाच बराचसा भाग पुन्हा आला होता, म्हणजे एकच धक्का दोनदा मोजला गेला होता. मी तो एकदाच धरून आकडे काढले. सरकणं जवळजवळ निम्म्यावर आलं. वक्ररेषा ठिपक्यांपासून खाली सुटली.

दोन दिवस मी कॉलेजात गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी दोनदा वाचलं. चहा आला, तसाच निवला. मग त्यांनी वर पाहिलं. "दोन दिवस काऊन चूप बसली?"

मी निवलेला चहा उचलून बाहेर नेला.

विभागातले एक सहकारी म्हणाले, "छापून येऊ द्या ना जी. कोण तपासून राह्यलं?" सर म्हणाले, "रेघ कुठी आहे ते रेघच सांगन. मी सांगून ते थोडीच हटते." त्याच संध्याकाळी त्यांनी लेख मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. बढती दुसऱ्याला मिळाली.

पुढची तीन वर्षं आम्ही दोघांनी ते गणित पुन्हा मांडलं. रुंदी छान जुळली. पण सर्वांत दाट प्लाझ्मात सरकणं मोजमापांपेक्षा कमीच येत राहिलं. सर म्हणाले, "जुळत नाई, ते बी लिहू." तसंच लिहिलं, तसंच छापून आलं. लेखावर माझं नाव त्यांनी आपल्या आधी घातलं.

निवृत्तीनंतर ते ऊर्जानगरच्या वीजकेंद्र वसाहतीत मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी तोवर गडचिरोलीला शिकवू लागले होते. शेवटची भेटले तेव्हा त्यांना खाटेवरून उठवत नव्हतं. सरांच्या पत्नी उशी सारखी करून आत गेल्या, तशी मीच विषय काढला.

"सर, त्या दोन दिवसांचं तुम्ही विचारलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून नाही चूप बसले मी. इतकं सुंदर जुळलं होतं, ते माझ्या हातानं मोडवत नव्हतं."



"ते टकरीचं पद," ते म्हणाले, "मले सालभर खटकत होतं, बेटा. जुळलं होतं म्हणून मी तिकडे पाह्यलंच नाई. तू दोन दिवस चूप होती. मी साल काढलं." मग किंचित हसले. "तुले प्रत देल्ली ना, ते काही स्वल्पविरामासाठी नव्हती देल्ली."

महिन्याभरानं ते गेले. इतकी वर्षं मी सरांना कधीच न डगमगणारा माणूस समजत होते, आणि त्यांच्याविषयी कुणालाही तसंच सांगत होते. आता सांगत नाही. ते डगमगले होते, आणि स्वतःला पाहवत नव्हतं ते पाहण्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं, असं सांगते.