निघोज्याचा मुराळी

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी बार्शी सोडली. आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली होती आणि माझे वय होते एकेचाळीस. कापड दुकानातली बावीस वर्षांची नोकरी टाकून मी जमिनीचा दलाल व्हायला निघालो होतो. शेठजी भला माणूस. म्हणाले, "पाडव्यापर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. तोवर एक तरी सौदा झाला तर राहा तिकडेच. नाही तर मुकाट्याने परत ये आणि गज हातात घे." बायकोने, मंदाने, भाकरी बांधून देताना एकच विचारले, "एवढ्या लांब माझ्या माहेरचं कोण येणार हो?"

"रेल्वे आहे की!" मी म्हणालो. गिऱ्हाइकाला अशी उत्तरे द्यायची मला सवयच होती.

छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून पुणे आणि पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने कासारवाडी. उतरलो तेव्हा पहिली शिफ्ट सुटली होती. निळ्या कपड्यांतली माणसे सायकलींवरून घंट्या वाजवत चालली होती आणि माझी वळकटी मध्ये आल्याबद्दल दोघांनी माझा उद्धार केला. खोली मिळाली ती दहा बाय दहाची. घरमालकीणबाईंनी विचारले, "कंपनी कुठली?"

"कंपनी नाही. जमिनीचं काम करणार आहे."

"म्हणजे सध्या बेकार," त्यांनी ठरवून टाकले.

जवळजवळ चार महिने त्यांचेच म्हणणे खरे ठरले. भोसरी, मोशी, चाकण असा सायकलने हिंडलो. पायांत गोळे आले, चपलेचे अंगठे तुटले. पण परत गज धरायचा नाही, एवढे मनाशी पक्के होते. शेवटी फाल्गुन लागता लागता योग जुळला. चिंचवडच्या एका छोट्या कारखानदाराला शेड बांधायला जमीन हवी होती. त्याच्या नावावर शेती असल्याने खरेदीला अडचण नव्हती. आणि निघोज्याच्या सोपानरावांना आपली जिरायत (पावसावर पिकणारी जमीन) घरासकट विकायची होती.

निघोज्याला पोचेपर्यंत मोशीजवळ सायकल पंक्चर झाली आणि इंद्रायणीच्या पुलापासून पुढे ती हातात धरूनच चालत गेलो. सोपानरावांनी ओसरीवर घोंगडी टाकली. जेवायला मासवडी होती (नावात मास असले तरी बेसनाचीच, आत तीळ, खोबरे, लसूण). मी चार खाल्ल्या आणि मग सातबारा उघडला. इतर हक्कात एक नाव होते, बहिणीचे. हौसाबाई, राहणार महाळुंगे.

"त्यांची संमती लागेल," मी म्हणालो.

सोपानराव तंबाखू मळत राहिले. "तुमीच जावा. आमचं जाणंयेणं न्हाई."

बहीण भावासाठी हक्क सोडते आणि भाऊ तिला साडीचोळी करतो, ही रीत मला माहीत होती. साडीतले तर माझ्याइतके कुणाला कळणार? चाकणच्या बाजारातून हिरवी इरकल निवडली, काठ दोनदा तपासला आणि कागद पिशवीत घालून महाळुंग्याला गेलो. निघोज्याहून पायी तासाभराचीसुद्धा वाट नाही.

हौसाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी पदर बोटांत धरून पाहिला.

"लुगडं चांगलं हाय. निवडलं कुणी?"

"मीच."

"मंग तुमी माझं भाऊ का?" त्यांनी साडी घडी न मोडता परत पिशवीत ठेवली. "आई गेल्याला नऊ वर्सं झाली. तवापासून एक मुराळी आला न्हाई." मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला येणारा माणूस. "आन् आता जमीन विकायची म्हनून दलाल धाडला व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बावीस वर्षे साड्या विकल्या, पण साडी कुणाच्या हातून जाते याला मोल असते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

तसाच निघोज्याला परत गेलो. "गाडी जुंपा," मी सोपानरावांना म्हणालो.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. तुम्ही उठेपर्यंत मी इथून हलत नाही."

मी दोन दिवस त्यांच्या ओसरीवर मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि बैल जुंपले. मी मागे बसलो. महाळुंग्याच्या वेशीत चाके वाजली तशा हौसाबाई दारात आल्या. भाऊ खाली उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, "अक्का, चल. न्यायला आलोय." त्या आत गेल्या आणि बोचके घेऊनच बाहेर आल्या. नऊ वर्षे ते बांधलेलेच होते की काय, देव जाणे.

चार दिवसांनी कारखानदारसाहेब मोटारीने आले. हौसाबाई म्हणाल्या, "अंगठा देते. पैका नगं. पर घर आन् चिंचेखालचं अंगण विकू नका. उद्या मुराळी धाडला तर मला उतरवनार कुठं?"

साहेब उखडले. घर रस्त्याला लागून होते आणि फाटक त्यांना तिथेच हवे होते. "तिला समजवा, नाही तर मी दुसरीकडे बघतो." पाडवा आठ दिवसांवर होता. त्या बाईला गोड बोलून वळवणे मला जमले असते, आणि ते जमले असते याचीच मला भीती वाटली.

"घर वगळूनच होईल," मी म्हणालो. "पण फाटकाला दुसरी जागा दाखवतो. चला." भर उन्हात साहेबांना ढेकळांतून फिरवले. मागची पाणंद दाखवली, तिथून ट्रक आत कसा वळेल ते स्वतः चालून दाखवले. त्यांच्या बुटांचे वाटोळे झाले. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "पुरे, राव. मागून फाटक करतो."

खेडच्या कचेरीत खरेदीखत झाले, त्यात 'घर व अंगण वगळून' असे शब्द पडले. हौसाबाई त्या दिवशी नवे लुगडे नेसल्या होत्या. भावाने निवडलेले, रंग अगदीच भडक. या वेळी मी काठ तपासला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बार्शीला उतरलो. आधी शेठजींना नमस्कार करून जागा मोकळी झाल्याचे सांगितले. मग घरी न जाता मेव्हण्याकडे गेलो. दलाली करायला निघालो म्हणून त्याने माझ्याशी बोलणे टाकले होते. त्याच्या हातात कासारवाडीचा पत्ता लिहिलेला कागद दिला.

"दिवाळीला मुराळी म्हणून या. न आलात तर मी न्यायला येईन."

घरी मंदाला सगळे सांगितले.

"खोली एकच ना? मग दादा आला तर झोपेल कुठे?"

"खोलीत. मी दारात झोपेन."

ती उठली आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढायला तिने मला हाक मारली.