आज्याच्या फेट्याचा रंग

दौंड स्टेशनाबाहेरचा तो घड्याळवाला फावल्या वेळात डोळ्याला भिंग लावून बोटाएवढे शिशाचे शिपाई रंगवायचा. त्यांच्या गणवेशाची बटणं इतकी बारीक, की मुंगीनंही चष्मा मागावा!

एकदा त्यानं पलटणीतल्या आज्याचा काळा-पांढरा फोटो माझ्यापुढं धरला. "सायेब, ह्यो फेटा कुठल्या रंगाचा असंल वो? घरात सांगणारं कुणी उरलं न्हाई."

फौजेतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी छाती फुगवून ठोकून दिलं, "लाल! तेव्हा सगळ्या पलटणी लालच बांधायच्या!"

तो गालात हसला आणि त्यानं खण उघडला. आत एकाच चेहऱ्याचे सहा शिपाई होते, फेटे मात्र सहा रंगांचे.

"तुमच्यावानी सहा जाणकार आधी भेटलं," तो म्हणाला. "आता सातवा लाल करतो. एकात तरी आजा घावंल की!"