दिवसाला नऊ पेट्या

सकाळी सहाला ऱ्होना लायपर शेडमध्ये उभी राहायची आणि दुपारी दोनपर्यंत मोजून नऊ पेट्या हॅडक मासा कापायची. दहावी पेटी नाही. साडेनऊसुद्धा नाही. आणि ही बाई मनात आणलं तर चौदा पेट्या कापणारी! टोरीत, बंदराच्या वस्तीत, नदीच्या या अंगाला, मासळीच्या शेडांत आयुष्य घालवलेल्या बायका काही कमी नाहीत. पण कल्ल्यामागे सुरी घालून शेपटीपर्यंत एका दमात नेणारी, काट्याला गुंजभर मांस न ठेवणारी अशी एकच. सोळाव्या वर्षी तिला विल्मा केर्डने शिकवलं होतं. विल्मा कुणाचं कौतुक करणारी नव्हे, पण ती म्हणायची, "या पोरीचा हात बघायचा असेल तर पापणी लववू नका."

मग हा हात आवरता का घेतला? त्याची गोष्ट एका तपकिरी पाकिटापासून सुरू होते.

ऱ्होनाचा नवरा गॉर्डन तेलाच्या बोटींवर नॉर्वेला गेला आणि तिकडचाच झाला. पोरगी, कर्स्टी, तेव्हा नऊ वर्षांची. एकट्या आईला सरकार भत्ता देतं. काम धरलं तरी देतं, पण वर्षाला किती कमावणार ते आधीच लिहून द्यावं लागतं. आता शेडमधली मजुरी म्हणजे हजेरीचे थोडे आणि वर पेटीमागे पैसे. वादळ आलं की बोटी नाहीत, बोटी नाहीत की पेट्या नाहीत. वर्षाचा आकडा कुठला सांगणार? ऱ्होनाने अंदाजाने एक लिहिला. नेमकं त्या वर्षी हवामान चांगलं, मासळी उदंड, आणि हिचा हात मोकळा सुटलेला. नाताळाला तिने कर्स्टीला सायकल घेतली.

दीड वर्षाने पाकीट आलं. तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त कमावलंत, म्हणून तुम्हाला भत्ता जास्त गेला, म्हणून दोन हजार सहाशे चाळीस पौंड परत करा. तिने पत्र उभ्यानेच वाचलं आणि पायरीवर बसली. चोरी केली नाही, खोटं बोलली नाही, जीव तोडून काम केलं, त्याचा हा दंड! सायकल गेली, सोफा गेला, आईची अंगठीही गेली. तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली, ऱ्होनाने काम सोडलं, आणि पुढचं दीड वर्ष आईचं करण्यात आणि ते देणं फेडण्यात गेलं.

आई गेली. दोन हजार सहाच्या पानगळीत ऱ्होना पुन्हा शेडच्या दारात उभी राहिली तेव्हा तिने मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. पहिली, कर्स्टीने या टेबलाला कधी हात लावायचा नाही. पोरगी हुशार होती, तिला दाई व्हायचं होतं, त्यासाठी अठराव्या वर्षापर्यंत शाळेत राहायला हवं होतं. दुसरी गोष्ट, ते पाकीट या घरात पुन्हा येता कामा नये. फॉर्मवर तिने आकडा लिहिला, त्याला बावन्नने भागलं, मग पाचने भागलं, हजेरी वजा करून पेटीच्या दराने भागलं, आणि उत्तर आलं नऊ पेट्या. फॉर्मसोबत माहितीचं जाडजूड पुस्तक आलं होतं. ते तिने उघडलंच नाही. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिने ताकाकडे बघणंच सोडलं.

आता जाणूनबुजून हळू काम करणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने करून बघावं. सुरी आपोआप पळायची. पहिल्या आठवड्यात बुधवारपर्यंतच तिच्या छत्तीस पेट्या झाल्या आणि उरलेल्या नऊ तिने दोन दिवस सुरीला धार लाव, ॲप्रन धू, बर्फ आण असं करत पुरवल्या. मग तिने युक्ती शोधली. मासा उचलायचा, उलटायचा, उगाच न्याहाळायचा, मग सुरी लावायची.

विल्मा शेजारच्याच टेबलाला. तिच्या नजरेतून काय सुटणार?

"काय गं, मासा कापतेस की त्याला मागणी घालतेस?"

बायका हसल्या. ऱ्होनाही हसली. पण तिसऱ्या दिवशी विल्माने तिला चहाच्या सुट्टीत गाठलं.

"खरं सांग. काय झालंय हाताला?"

खरं काय सांगणार? भत्ता परत द्यावा लागेल म्हणून हात आखडते, असं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या टोरीत झालं असतं की लायपरची ऱ्होना सरकारच्या पैशावर बसून खाते आणि कामाची चोरी करते. आमच्याकडे माणसाला उपाशी राहिलेलं चालतं, पण हे ऐकून घेतलेलं चालत नाही. ऱ्होना पटकन म्हणाली, "मनगट. आईला उचलून उचलून मनगट गेलंय."

"अगं मग डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. काही होत नाही म्हणतो."

झालं. एक थाप मारली की तिला रोज दाणापाणी घालावं लागतं. ऱ्होना मनगटाला पट्टी बांधू लागली. मुकादमाला थोडे दिवस दया आली, मग दया संपली. मोठा, सरळ, चांगला मासा चपळ हातांना मिळतो, हा शेडचा रिवाज. ऱ्होनाला दाराजवळच्या टेबलावर हलवलं, जिथे वारा थेट अंगावर येतो आणि पेटीत बोटाएवढी व्हायटिंग मासळी असते. तिच्या जागेवर दनुता नावाची लिथुएनियाची मुलगी आली. मुलगी कष्टाळू होती, पण काट्याला इतकं मांस ठेवायची की ऱ्होनाला बघवत नसे. दोन वर्षांनी विल्मा निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या जेवणात तिने दनुताच्या पाठीवर थाप मारली आणि ऱ्होनाकडे बघून एवढंच म्हणाली, "फुकट गेलीस बाई."

ऱ्होनाला ते फार लागलं. घरी येईपर्यंत ती रडली आणि जिन्याशी डोळे पुसले.

नऊ पेट्यांत घर चालायचं, पण तंगीत. मीटरमध्ये नाणी टाकून खोली गरम करायची, तीही संध्याकाळचे दोन तास. रोवी नावाचा खारट, खरपूस पाव सकाळी एक आणि तोच रात्रीही. शाळेची सहल फ्रान्सला निघाली, तीनशे पौंड. तीन आठवडे हात सोडला असता तर निघाले असते. त्या आठवड्यात ऱ्होना रोज दहाव्या पेटीपाशी जाऊन उभी राहायची, झाकण उघडायची, पुन्हा लावायची. तिला सायकल नेणारा माणूस आठवायचा. कर्स्टीने सहलीचा कागद स्वतःच फाडला. "तिथे काय आहे? गोगलगायी खातात," ती म्हणाली. चौदा वर्षांची पोर आणि असं समजुतीचं बोलणं. ऱ्होनाला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिला वाटली ती लाज.

थाप बाहेरच्यांसाठी मारली होती, पण घरातही पट्टी काढता येईना. पोरीच्या तोंडून बाहेर गेलं तर? म्हणून कर्स्टीही हेच धरून चालली की आईचे हात गेलेत. रोज संध्याकाळी ती मलम चोळून द्यायची. शेडच्या बायका तिला बेकरीत भेटायच्या, आणि बायकाच त्या, बोलणारच. "तुझी आई पूर्वी काय कापायची माहितीये? आता बिचारीला दारात बसवलंय. किती दिवस ठेवतील कुणास ठाऊक."

कर्स्टीने ते ऐकलं, मनात ठेवलं, आणि सोळावं सरल्यावर, मे महिन्याच्या एका सोमवारी, शाळेऐवजी शेडमध्ये गेली. ऱ्होनाने मान वर केली तर समोर पोरगी, अंगावर पिवळा ॲप्रन, पायात दोन मापं मोठे रबरी बूट.

"घरी जा," ऱ्होना म्हणाली.

"शाळेतून नाव काढलंय आई. तुला हे झेपत नाही, दिसत नाही का मला?"

"घरी जा म्हणते ना!"

"आणि तुला काढल्यावर खायचं काय? माती?"

मुकादमाने दोघींना आवाज कमी करायला सांगितला आणि कर्स्टीला मधल्या टेबलावर जागा दिली. ऱ्होनाने त्या दिवशी आठच पेट्या कापल्या. तो एकच दिवस तिला हळू काम करायला कष्ट पडले नाहीत. पुढचे दोन आठवडे ती पोरीशी भांडली, शाळेच्या बाईंना आणलं, अबोला धरला. पोरगी बधली नाही. आईवर माया असलेल्या पोरीला आईच्या भल्याविरुद्ध कोण समजावणार?

मुलाने शाळा सोडली की भत्ता बदलतो, तेही कळवावं लागतं. इतकी वर्षं सांभाळलं आणि शेवटी इथे पाय घसरला तर? तिने चार वर्षांच्या सगळ्या पगारचिठ्ठ्या पिशवीत भरल्या आणि शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये गेली. तिथे इंग्लिस नावाचे निवृत्त मास्तर लोकांचे कागद फुकट बघून द्यायचे.

मास्तरांनी चिठ्ठ्या वर्षावार लावल्या, चष्मा पुसला, पुन्हा बघितल्या.

"मिसेस लायपर, तुम्हाला पेटीवर पैसे मिळतात ना?"

"हो."

"मग जवळजवळ दर आठवड्याला तोच आकडा कसा? चार वर्षं? मी असं कधी पाहिलं नाही."

आणि मग ऱ्होनाने सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एका परक्या म्हाताऱ्याला. पाकीट, सायकल, अंगठी, नऊ पेट्या. ऐकून झाल्यावर मास्तर उठले, कपाटातून माहितीचं तेच जाडजूड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि वर्गात वाचावं तसं सावकाश वाचलं.

नियम बदलला होता. ती पुन्हा कामाला लागली त्याच वर्षी, एप्रिलात. कमाई सांगितल्यापेक्षा वाढली तरी त्या वर्षीचा भत्ता परत मागत नव्हते. वाढ किती चालेल, तर पंचवीस हजार पौंडांपर्यंत. पुढच्या वर्षी भत्ता थोडा कमी धरायचे, एवढंच.

"पंचवीस हजार," ऱ्होना म्हणाली. तिची सगळ्या वर्षाची कमाई त्याच्या निम्मी होती.

"तुम्ही चौदा कापल्या असत्या काय, वीस कापल्या असत्या काय," मास्तर म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तुमचं काहीही देणं नाही. हवं तर लिहून देतो."

"नको," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या पिशवीत भरू लागली. त्या नीट लावल्या होत्या, तरी तिने त्या कोंबल्या.

घरी कर्स्टी खिडकीतून वाटच बघत होती. "काय म्हणाले? किती देणं काढलं?"

"काही नाही. एक पैसाही नाही."

"सुटलो बाई!" कर्स्टी खुर्चीत धपकन बसली. "तू जपून राहिलीस म्हणून. दुसरी असती तर कधीच अडकली असती."

ऱ्होना कोट न काढता तशीच उभी होती. मग तिने पट्टी सोडायला घेतली.

"कर्स्टी, ऑगस्टात शाळा सुरू होते. परत जा. मी कापते चौदा पेट्या."

"चौदा? या हाताने?"

"हाताला काही झालेलं नाही. कधीच झालेलं नव्हतं. मी मुद्दाम हळू कापत होते, भत्त्याच्या भीतीने. मनगटाचं खोटं होतं सगळं."

कर्स्टीने तिच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. उठून तिने आईला मिठी मारली. पोरीच्या केसांना मासळीचा वास येत होता.

"मी शाळेत परत जावं म्हणून तू काहीही सांगशील," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला. बस आता, मलम आणते."